सॉनी रॉलिन्स आणि त्याचा टेनर सॅक्सोफोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ नुकतंच ऐकायला लागलेली मंडळी सॉनी रॉलिन्सपाशी येऊन थांबली की काही ठरावीक प्रश्न हमखास विचारतात. बरीच वर्षं ऐकणारे वेगळे प्रश्न विचारतात, आणि त्यातल्या निम्म्यांवर वाद होतो. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे आहेत. उत्तरांत माझी मतंही मिसळली आहेत. ती कुठली ते ओळखू येतील.

सॉनी रॉलिन्स म्हणजे नेमका कोण?

अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार. पूर्ण नाव वॉल्टर थिओडोर रॉलिन्स. जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनंतरच्या पिढीत ज्या दोन माणसांनी टेनर सॅक्सोफोनचं वजन बदलून टाकलं, त्यांतला एक हा आणि दुसरा जॉन कोल्ट्रेन. 'सेंट थॉमस', 'ओलिओ', 'डॉक्सी', 'एअरेजिन' या त्याच्या धुना आज जगभरच्या जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी वाजवतात त्या बैठकींत, वाजतात. वाजवणाऱ्यांतल्या अनेकांना त्या कुणाच्या हेही माहीत नसतं.

टेनर म्हणजे कुठला सॅक्सोफोन? हिंदी सिनेमात ऐकू येतो तोच का?

सॅक्सोफोनचं कुटुंब मोठं आहे. ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन ही त्यातली नेहमी दिसणारी चार भावंडं. टेनर आल्टोपेक्षा आकाराने मोठा आणि आवाजाने खालचा. त्याची पट्टी साधारण पुरुषाच्या गळ्याच्या आसपास फिरते, म्हणून तो बोलल्यासारखा वाटतो. हिंदी चित्रपटांतले मनोहारी सिंग यांचे गाजलेले तुकडे बरेचसे आल्टोवरचे आहेत. अंग पितळेचं असलं तरी आवाज निघतो तो वेताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून, त्यामुळे वाद्यांच्या वर्गीकरणात सॅक्सोफोन बासरी-क्लॅरिनेटच्या पंगतीला बसतो, ट्रम्पेटच्या नाही.

पहिल्यांदा काय ऐकू?

'सेंट थॉमस'. दुसरं काही सुचवण्याचा शहाणपणा मी करत नाही. 'सॅक्सोफोन कोलॉसस' या अल्बममधली ही पहिलीच धून. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत तिचं ध्वनिमुद्रण झालं. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच.

ऐकताना एवढं करा. आधी एकटा रोच कॅलिप्सोचा, म्हणजे कॅरिबियन नाचगाण्याचा, ठेका धरतो. मग रॉलिन्स धून वाजवतो. ती कॅरिबियन बेटांवरची, त्याची आई लहानपणी गायची ती. धून संपल्यावर त्याचा सोलो, म्हणजे एकट्याने नवं रचत जाण्याचा भाग, सुरू होतो, तिथे कान द्या. तो फक्त दोन स्वर घेतो. तोडून, आखूड, टक-टक असे. तेच दोन स्वर पुन्हा. मग किंचित सरकवून, मग मात्रेच्या जरा आधी, मग जरा नंतर. एखादा नवखा वादक इतक्या वेळात शंभर स्वर ओतून मोकळा झाला असता. हा मात्र दोन स्वरांना धरून ठेवतो आणि त्यांतूनच लांब ओळी काढायला लागतो. पुढे रोचचा ड्रम सोलो येतो. तो संपून रॉलिन्स परत येतो तेव्हा ठेका बदललेला असतो, कॅलिप्सो जाऊन सरळ स्विंग, म्हणजे जॅझचा नेहमीचा झुलता ठेका, आलेला असतो. ही कलाटणी पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा माणूस बहुधा धून मागे नेऊन पुन्हा ऐकतो.

त्याच्या वाजवण्याचं एवढं कौतुक का? सगळेच जॅझवाले आयत्या वेळी सुचलेलं वाजवतात ना?

वाजवतात, पण कशावर आणि कसं, हा फरक आहे. जॅझमधल्या बहुतेक धुना १२, १६ किंवा ३२ बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) असतात. धून एकदा वाजवून झाली की तिचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, त्याच क्रमाने फिरत राहतात, आपल्याकडे तबल्यावर आवर्तनं फिरत राहावीत तसे, आणि वादक त्यांवर नवं रचत जातो. बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकात, हे रचणं फार चपळ झालं. प्रत्येक कॉर्डमधले स्वर पकडत वेगाने धावायचं. त्यात कसब होतं, पण मूळ धून अनेकदा पहिल्या मिनिटातच विसरली जायची.

रॉलिन्स धून विसरत नाही. तिच्यातला एक तुकडा उचलतो आणि संपूर्ण सोलोभर त्याच्याशी खेळतो: उलटा करतो, ताणतो, अर्ध्यावर सोडतो, पाच मिनिटांनी भलत्याच ठिकाणी परत आणतो. याचा पुरावा म्हणून नेहमी 'ब्लू सेव्हन'कडे बोट दाखवलं जातं. 'सॅक्सोफोन कोलॉसस'मधलीच ही शेवटची धून, अकरा मिनिटांची. सुरुवातीला वॉटकिन्सचा बास एकटाच चालत येतो. मग रॉलिन्स एक तिरकस, नेमकी कुठल्या पट्टीत आहे ते कळू न देणारी ओळ टाकतो, आणि पुढचं जवळजवळ सगळं त्या ओळीतून निघतं. गुंथर शुलर या संगीतकाराने १९५८ मध्ये 'द जॅझ रिव्ह्यू' मासिकात या एका धुनेवर दीर्घ लेख लिहिला. पाश्चात्त्य अभिजात रचनेत विषयाचा विकास जसा होतो तसाच तो इथे आयत्या वेळी झाला आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

रॉलिन्सवर या कौतुकाचा परिणाम उलटा झाला. आपण हे असं काही करतो याची त्याला कल्पनाच नव्हती. लेख वाचल्यावर वाजवताना तेच डोक्यात यायला लागलं, आणि त्याने स्वतःवरची परीक्षणं वाचायचंच सोडून दिलं. मला हे अगदी पटतं. शुलरचा लेख उत्तम आहे, पण रॉलिन्स ऐकायच्या आधी तो वाचू नये.

त्याचा आवाज कसा ओळखायचा?

१९५० च्या दशकातला आवाज रुंद, कोरडा आणि जरासा खरबरीत आहे. स्वराच्या शेवटी थरथर फार कमी. जिभेने स्वर तोडून वाजवायची सवय इतकी ठळक की काही वेळा चिडून बोलतोय असं वाटतं. अगदी खालच्या स्वरांवर तो मध्येच धप्पकन उतरतो आणि लगेच वर निघून जातो. वजन आधीच्या पिढीतल्या टेनरवादक कोलमन हॉकिन्सकडून आलंय, लयीतला मोकळेपणा लेस्टर यंग या दुसऱ्या टेनरवादकाकडून आणि वेग चार्ली पार्करकडून. १९७० नंतर आवाज आणखी मोठा, घोगरा, गुरगुरणारा होत गेला. पण खरी खूण लयीत आहे. ताल पुढे चाललेला असताना तो मागे रेंगाळतो, आता हा चुकणार असं वाटायला लागतं आणि नेमक्या जागी येऊन उभा राहतो. ही ऐट ज्याला एकदा ओळखू आली, त्याला रेकॉर्डवरचं नाव बघावं लागत नाही.

काही अल्बममध्ये पियानोच नाही. का?

त्याला अडचण होते म्हणून. पियानोवादक प्रत्येक कॉर्ड ठळकपणे वाजवणार, म्हणजे सॅक्सोफोनवाल्याच्या वाटा आधीच आखल्या जाणार. बास आणि ड्रम एवढेच ठेवले की वर सगळी जागा मोकळी. १९५७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला त्याने बासवर रे ब्राउन आणि ड्रमवर शेली मॅन यांना घेऊन 'वे आउट वेस्ट' केला, तोही सगळे आपापल्या कामांतून मोकळे झाल्यावर, पहाटे तीनला सुरुवात करून. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ग्रीनिच व्हिलेजमधल्या तळघरातल्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्याचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला. त्या क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा पहिलाच थेट अल्बम. संध्याकाळच्या सत्रात ड्रमवर एल्विन जोन्स आणि बासवर विल्बर वेअर होते.

माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम हे व्हॅनगार्डचं आहे, 'कोलॉसस'पेक्षाही. तिघांना टेकायला काहीच नाही आणि एकालाही टेकू नको आहे. एल्विन जोन्स ताल सांभाळण्याऐवजी सतत ढवळत राहतो आणि रॉलिन्स त्या खळबळीत निवांत उभा असतो.

एवढा मोठा वादक, मग काउबॉयची गाणी कशाला वाजवतो?

आवडतात म्हणून. लहानपणी त्याने भरपूर सिनेमे पाहिले, रेडिओ ऐकला. 'वे आउट वेस्ट'मध्ये 'आय ॲम ॲन ओल्ड काउहँड' आहे. तिची सुरुवात शेली मॅन लाकडी ठोकळ्यांवर घोड्याच्या टापांसारखी करतो. मुखपृष्ठावर रॉलिन्स डोक्यावर रुंद कडांची टोपी आणि कमरेला पिस्तुलाचा पट्टा लावून वाळवंटात उभा आहे, हातात सॅक्सोफोन. छायाचित्रकार विल्यम क्लॅक्स्टन. लोक हसतात, आणि हसावंच. पण मग धून ऐकावी. बाजारू म्हणून बाकीच्यांनी टाकून दिलेली गाणी उचलायची आणि त्यांतून काही तरी गंभीर काढायचं, ही त्याची आयुष्यभराची खोड. सोलोच्या मध्येच भलत्याच गाण्याची एखादी ओळ घुसवायची, हीसुद्धा. कधी ती चेष्टा असते, कधी नसते, आणि ते ठरवायचं काम तो ऐकणाऱ्यावर सोडतो.

तो संगीताकडे वळला कसा?

आईवडील व्हर्जिन बेटांवरून आलेले. घरात आधी पियानो, मग आल्टो सॅक्सोफोन, आणि १९४६ मध्ये, सोळाव्या वर्षी, टेनर. टेनर घेण्याचं कारण कोलमन हॉकिन्स. हॉकिन्स हार्लेममध्येच जवळपास राहायचा, आणि पोरसवदा रॉलिन्स फोटोवर सही घ्यायला त्याच्या दाराशी ताटकळत बसायचा. शाळकरी वयातल्या त्याच्या बँडमध्ये जॅकी मॅक्लीन, केनी ड्रू आणि आर्ट टेलर होते. तिघंही पुढे नावारूपाला आले. पियानोवादक थेलॉनियस मंकच्या घरी तालमींना जायचा. १९४९ मध्ये, एकोणीस पूर्ण होण्याआधीच, तो पियानोवादक बड पॉवेल आणि ट्रम्पेटवादक फॅट्स नव्हारो यांच्या बरोबरीने रेकॉर्डवर आलेला होता.

तो तुरुंगात होता, हे खरं आहे का?

हो. १९५० मध्ये सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात अटक झाली आणि त्याने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने काढले. पुढे हेरॉइनमुळे पॅरोल मोडला म्हणून पुन्हा आत. त्या पिढीतल्या कितीतरी वादकांचं हेच झालं. पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखं जगावं लागतं, असा एक घातक समज तेव्हा पसरलेला होता. पार्करला स्वतःच्या हेरॉइनच्या व्यसनाची लाज वाटायची आणि त्याने रॉलिन्सला तसं बोलूनही दाखवलं होतं.

१९५५ मध्ये रॉलिन्स आपणहून केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसनमुक्ती रुग्णालयात दाखल झाला. तिथून सुटल्यावर तो शिकागोला थांबला, साफसफाईची आणि मालट्रक भरायची कामं केली. क्लबमध्ये पाऊल टाकलं की जुने मित्र आणि जुनी सवय दोन्ही भेटणार, ही भीती होती. वर्षाच्या शेवटी क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या पंचकात तो सामील झाला. ट्रम्पेटवादक ब्राउन व्यसनांपासून पूर्ण लांब होता आणि तरीही अफाट वाजवायचा. रॉलिन्सला हे डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं. २६ जून १९५६ च्या मोटार अपघातात ब्राउन आणि त्याच बँडचा पियानोवादक रिची पॉवेल गेले. ब्राउन पंचविशीचा होता. 'सॅक्सोफोन कोलॉसस' रेकॉर्ड होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

पुलावरच्या रियाजाची गोष्ट दंतकथा आहे का?

नाही, खरी आहे. १९५९ मध्ये, तिशीही गाठलेली नसताना आणि सगळीकडे नाव गाजत असताना, रॉलिन्सने कार्यक्रम बंद केले. लोक जेवढं म्हणतात तेवढं आपण वाजवत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारी एक गरोदर बाई होती, आणि तिला आवाजाचा त्रास नको म्हणून घरात वाजवणं त्याला बरं वाटेना. फिरता फिरता विल्यम्सबर्ग पुलाच्या पायऱ्या दिसल्या. १९०३ साली खुला झालेला हा पूल ईस्ट नदीवरून ब्रुकलिनला जातो. पादचाऱ्यांची वाट उंचावर, गाड्या आणि मेट्रोचे डबे खडखडत जातात, खाली बोटींचे भोंगे. या गोंगाटात कितीही जोरात फुंकलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. उन्हाळा असो की बर्फ, दिवसाला पंधरा-सोळा तासांपर्यंत तो तिथे वाजवायचा. सोप्रानोवादक स्टीव्ह लेसी कधीमधी सोबतीला असायचा. खालून बोटीने भोंगा दिला तर रॉलिन्स त्याला सॅक्सोफोनवर उत्तर द्यायचा.

१९६१ च्या अखेरीस तो परतला आणि १९६२ मध्ये 'द ब्रिज' आला. गिटारवर जिम हॉल, बासवर बॉब क्रॅनशॉ. क्रॅनशॉ पुढे जवळपास पन्नास वर्षं त्याच्याबरोबर होता.

आता वादाचा मुद्दा. पुलावरून उतरलेला माणूस काहीतरी पूर्णपणे नवं वाजवेल, अशी समीक्षकांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. दरम्यान सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने फ्री जॅझचा, म्हणजे ठरलेल्या कॉर्डांना न बांधलेल्या जॅझचा, धुरळा उडवला होता, कोल्ट्रेन कुठल्या कुठे गेला होता, आणि रॉलिन्सने आणला एक सुरेख, शांत, बराचसा परंपरेतला अल्बम. 'द ब्रिज' चांगला आहे, जिम हॉलबरोबरचं संभाषण तर फारच हळुवार. पण त्याच्या कीर्तीत निम्मा वाटा पुलाचा आहे, असं मला वाटतं. ऐकणाऱ्यांना गोष्ट हवी होती. रॉलिन्सला हवी होती फुंकेवरची हुकमत, आणि ती त्याला मिळाली. पुढची पन्नास वर्षं तो ज्या ताकदीने तासन् तास वाजवत राहिला, तिथे ती ऐकू येते.

रॉलिन्स मोठा की कोल्ट्रेन?

हा प्रश्न कायम येतो. दोघांचं एकत्र रेकॉर्डिंग एकच आहे: २४ मे १९५६ ची 'टेनर मॅडनेस', बारा मिनिटांची ब्लूज. साथीला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे साथीदार. तेव्हा रॉलिन्स जास्त नावाजलेला होता, वयाने चार वर्षांनी लहान असूनही. कोल्ट्रेनचा आवाज कडक, टोकदार, स्वर दाट. रॉलिन्स गोलसर, मधे श्वास घेणारा, थट्टा करणारा. कोल्ट्रेन एका प्रश्नामागे लागला की तो पुरता उकलेपर्यंत सोडत नाही, रॉलिन्सला प्रश्न अर्धवट सोडून दुसरीकडे जायला काही वाटत नाही. कोल्ट्रेनने नंतर 'लाइक सॉनी' नावाची धून केली. एकमेकांबद्दल त्यांच्या मनात आदर होता, भांडतात ते त्यांचे चाहते. 'टेनर मॅडनेस'मध्ये सुरुवातीला कोण कोण ते ओळखू आलं नाही तर निराश होऊ नका: पहिला सोलो कोल्ट्रेनचा आहे.

तो मुंबईला, पवईला राहिला होता, म्हणतात. खरं का?

खरं. योगाची ओढ त्याला आधीपासून होती, परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र त्याने वाचलेलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संगीताच्या धंद्याला कंटाळून तो भारतात आला आणि स्वामी चिन्मयानंदांच्या पवईच्या आश्रमात काही महिने राहिला. वेदान्ताचे पाठ ऐकले. नंतरच्या मुलाखतींत त्याने वारंवार एक गोष्ट सांगितली आहे: ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, अशी तक्रार त्याने स्वामींकडे केली, आणि सॅक्सोफोन वाजवणं हेच तुझं ध्यान, असं त्याला सांगण्यात आलं. कर्मयोगाचा धागा त्याने तिथून उचलला आणि पुढेही धरून ठेवला.

याचा अर्थ त्याच्या वादनात राग शिरले असा मात्र नाही. कोल्ट्रेन किंवा ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्यासारखा भारतीय स्वरांचा प्रयोग रॉलिन्सने केला नाही. पवईहून त्याने नेली ती शिस्त. सुरावट आधीचीच राहिली, हार्लेमची आणि कॅरिबियन.

मुंबईत त्याचा कार्यक्रम झाला होता का?

हो, १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या महोत्सवाचं नाव पुढे धोबीतलावच्या रंगभवनशी कायमचं जोडलं गेलं. मुंबईला टेनर नवा नव्हताच. गोव्याहून आलेले वादक ताजमहाल हॉटेलच्या बँडपासून सिनेमाच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे होते. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त आपल्याला ऐकू येतो आणि दिसतोही. गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर जॅझ आणि रागसंगीत यांची सांगड घालून पाहिली. रॉलिन्स काय करतोय हे नेमकं कळणारे कान त्या शहरात होते.

त्याच्या संगीतात राजकारण आहे का?

आहे. १९५८ चा 'फ्रीडम स्वीट' हा कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याबद्दलचा, जवळपास वीस मिनिटांचा सलग तुकडा आहे, तोही नागरी हक्कांच्या चळवळीला जोर चढण्याच्या सुरुवातीच्या काळात. सॅक्सोफोन, ऑस्कर पेटिफर्डचा बास आणि मॅक्स रोचचे ड्रम, बस्स. आजी लहानपणी त्याला हार्लेममधल्या मोर्चांना घेऊन जायची, ते संस्कार मुरलेले होते.

रोलिंग स्टोन्सच्या गाण्यात तो आहे?

हो, १९८१ च्या 'टॅटू यू' अल्बममध्ये. 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'च्या शेवटचा सॅक्सोफोन त्याचा. अल्बमवर नाव छापलेलं नव्हतं. त्याला स्वतःला ते गाणं नंतर एका दुकानात ऐकू आलं, कोण वाजवतंय असा प्रश्न पडला, आणि मग कळलं.

१९७० नंतरचे अल्बम घ्यावेत का?

निवडून. १९७२ च्या 'नेक्स्ट अल्बम'पासून तो माइलस्टोन कंपनीसाठी वाजवायला लागला. बायको लुसिल त्याचं व्यवस्थापन आणि नंतर निर्मितीही बघायची. इलेक्ट्रिक बास, फंकचा ठेका, गुळगुळीत ध्वनिमुद्रण, यामुळे त्यातले बरेच अल्बम आज जुनाट वाटतात. स्टुडिओत तो अवघडायचाच. खरा रॉलिन्स मंचावर. एकट्याने, साथीशिवाय, दहा-दहा मिनिटं वाजवायचा, त्यात अर्धा डझन गाणी येऊन जायची. नंतर आलेली 'रोड शोज' ही मालिका त्यासाठी घ्या. १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सॉगर्टीजच्या एका दगडी शिल्पस्थळी वाजवताना त्याने कड्यावरून खाली उडी मारली, टाच मोडली, आणि उताणा पडल्या पडल्या पुन्हा वाजवायला लागला. त्या दिवशी रॉबर्ट मग त्याच्यावरच्या माहितीपटाचं चित्रीकरण करत होता, म्हणून हे बघता येतं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी तो न्यूयॉर्कमध्येच होता?

वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून थोड्याच गल्ल्या लांब, एका उंच इमारतीत. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी केली गेली तेव्हा तो सॅक्सोफोन उचलून जिने उतरला. १५ सप्टेंबरला बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला होता. त्याचं मन नव्हतं, लुसिलने जायला लावलं. ते ध्वनिमुद्रण 'विदाउट अ साँग' नावाने २००५ मध्ये बाजारात आलं आणि त्यातल्या एका सोलोला ग्रॅमी मिळालं. लुसिल २००४ मध्येच गेली होती.

त्याने वाजवणं का थांबवलं?

फुप्फुसांचा आजार, पल्मनरी फायब्रोसिस. शेवटचा जाहीर कार्यक्रम २०१२ चा, निवृत्ती २०१४ मध्ये. २०११ मध्ये ओबामांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळालं आणि त्याच वर्षी केनेडी सेंटरचा सन्मानही. २०१७ मध्ये त्याची कागदपत्रं, वह्या, टेप्स हार्लेमच्या शॉम्बर्ग संशोधन केंद्राकडे गेल्या.

मी सॅक्सोफोन शिकतोय. त्याच्याकडून काय घेऊ? तोच सॅक्सोफोन घेऊ का?

तो अनेक वर्षं सेल्मर मार्क सिक्स वाजवायचा, माउथपीस ऑटो लिंक आणि बर्ग लार्सनचे. ते घेऊन आवाज तसा येणार नाही, खिसा मात्र रिकामा होईल. आहे त्या वाद्यावर लांब स्वर धरा. मग 'सेंट थॉमस'ची धून बसवा, सोलो उतरवून काढायच्या फंदात लगेच पडू नका. धुनेतले कुठलेही दोन स्वर घ्या, मेट्रोनोम संथ लावा आणि तिसरा स्वर न घेता सोळा बार काढून दाखवा. पहिल्या चार बारांनंतर काय करायचं ते सुचेनासं होतं. सुचेपर्यंत तिथेच थांबायचं, वेग वाढवायचा नाही.